आंब्याच्या पुठ्ठ्यावरचा मोर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी आम्हा हौशी मंडळींच्या चित्रांचं एक छोटं प्रदर्शन भरलं होतं. शाळेचा हॉल, बाकांवर पांढऱ्या चादरी, सुतळीला कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेली चित्रं आणि दाराशी कोकम सरबताचं टेबल. चित्रं बघणाऱ्यांपेक्षा सरबत पिणारे जास्त, हे ओघानं आलंच. मुंबईकडून आलेलं एक जोडपं मात्र माझ्या बंदराच्या चित्रासमोर बराच वेळ थांबलं. वेंगुर्ल्याच्या बंदरावरची संध्याकाळ, वर ओढून ठेवलेल्या होड्या, मागे गुलाबी-जांभळं आभाळ. बाईंना ते घरी कुठे लावायचं हेही सुचलं होतं. सोफ्याच्या वर, तिथलं घड्याळ काढून. गृहस्थांनी किंमत विचारली, मी सांगितली, त्यांनी घासाघीस केली नाही. मग सहज म्हणून विचारलं, "रंग कुठले वापरता?" मी सरळ सांगून टाकलं. आभाळाचा गुलाबी शाळेच्या पोरांच्या रंगपेटीतला, पाण्याचा निळा म्हणजे कपड्यांना घालायची नीळ, होड्यांचा तांबडा म्हणजे काव, आणि खाली कागद नाहीच, आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा. दोघांना फार मजा वाटली. "कमाल आहे हो!" म्हणत त्यांनी चित्राचा फोटो काढला. आणि मग गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, "पण हे टिकेल किती वर्षं?"

मला काही सांगता येईना. ते कोकम आगळाच्या दोन बाटल्या घेऊन गेले.

त्या माणसाचा राग यावा असं त्यात काही नव्हतं, म्हणूनच बहुतेक तो प्रश्न डोक्यातून जाईना. पैसे मोजून वस्तू घेणाऱ्यानं ती किती टिकेल हे विचारू नये तर काय करावं? फ्रिज घेताना आपण विचारतोच. पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना, तिसऱ्या दिवशी पाणी भरताना मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. मघापर्यंत जे चित्र तुमच्या सोफ्यावर चढलं होतं, ते रंगाची किंमत कळल्याबरोबर सुतळीवर परत कसं आलं? होड्या त्याच होत्या ना? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, होड्या त्याच, पण आभाळ तेच राहील याची तुला तरी खात्री आहे का? नव्हती. त्या गुलाबीचा मला स्वतःलाच भरवसा नव्हता.

आमच्या घरात चित्र टिकण्याचा प्रश्न कधी आलाच नव्हता, कारण आमच्या घरातलं चित्र वर्षाला पुसलं जायचं. चवथीच्या आधी आठ-दहा दिवस अण्णा ओटीवरची गणपतीची भिंत रंगवायला घ्यायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. नोकरी पोस्टात, हात सुताराचा आणि डोळा कशाचा होता देव जाणे. आधी भिंतीला चुना. मडक्यात भिजत घातलेला चुना रात्रभर रटरटल्यासारखा आवाज करायचा आणि आम्हा पोरांना त्याच्या जवळपास फिरकायची बंदी असायची. सकाळी तो गाळून त्यात निळीची चिमूट पडायची, म्हणजे पांढरा अधिक पांढरा दिसतो. भिंत वाळली की मधोमध मोर, दोन्हीकडे कमळं, वर वेलबुट्टी. तांबड्याला काव, पिवळ्याला पिवडी, निळ्याला नीळ, काळ्याला कंदिलाच्या काचेवरची काजळी खोबरेल न लावता खरवडून डिंकाच्या पाण्यात कालवलेली. हिरवा लागला तर नीळ आणि पिवडी एकत्र. मोठ्या जागा भरायला नारळाच्या सोडणाचा ठेचलेला तुकडा, रेघांना माडाचा हीर. विकतचा ब्रश एकच होता आणि तो अण्णांच्या कपाटात, पोस्टाच्या शिक्क्यांशेजारी असायचा.

पिवळ्यासाठी घरात हळद असताना विकतची पिवडी कशाला, असं मी एकदा आजीला विचारलं होतं. ती मशेरी लावत बसली होती. काही न बोलता तिनं बोटभर ओला चुना माझ्या तळहातावर घेतला आणि वर चिमूटभर हळद टाकून चोळली. तळहात कुंकवासारखा लाल. मला तो खेळच वाटला आणि दिवसभर मी शेजारच्या पोरांना तो करून दाखवत फिरले. चुन्याच्या भिंतीवर हळद पिवळी राहत नाही, हे आजीनं असं शिकवलं. ती उन्हातही राहत नाही, हे तर धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पंचावर आमटीचा डाग पडला की तो साबणानं जात नाही, पण दोन दिवस उन्हात वाळत घातला की आपोआप विरतो. रंग उन्हानं मरतात आणि सगळे सारखे मरत नाहीत, ही गोष्ट मी दोरीवरच्या धुण्यात बघत आले होते. चित्राशी ती जोडायला मुंबईचा गिऱ्हाईक यावा लागला.

पुढच्या वर्षी श्रावण उतरला की अण्णा त्याच मोरावर चुना फिरवायचे. एका वर्षी तो मोर इतका सुरेख जमला होता की मी रडून घर डोक्यावर घेतलं. मान जरा वाकडी, पण डोळा असा की तुम्ही ओटीवर कुठेही बसा, तो तुमच्याकडे बघणार. अण्णांनी चुन्याचा कुंचला मडक्याच्या काठावर निथळत ठेवला आणि म्हणाले, "मगे पुढच्या वर्साक मी काय करू?" आणि पहिला पट्टा मोराच्या डोक्यावरूनच मारला. ओल्या चुन्यातून मोर थोडा वेळ दिसत राहतो, हे अजून आठवतं. चुना ओला असताना पारदर्शक असतो. वाळत गेला तसा मोर आत गेला.

आता विचार करताना वाटतं, आमच्याकडची निम्मी कला पुसण्याच्या, विरघळण्याच्या नाहीतर कुजण्याच्या बोलीवरच केलेली आहे. गणपतीवर बांधायची माटवी घ्या. कवंडाळं, हरणं, कांगलं असली रानफळं-रानफुलं, तेरड्याची फुलं, सुपारीचे घोस, नारळ. रानातून सगळं फुकट आणायचं, सोप्या गाठींनी बांधायचं आणि त्यात लाल-पिवळ्या-हिरव्याची अशी वाटणी करायची की बघत राहावं. पाचव्या दिवसापर्यंत ती मान टाकते. खुद्द गणपतीचं तेच. आमच्या वाडीतल्या काकांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती करायचा कारखाना, आहे. जून उजाडला की घराघरातून पाट त्यांच्याकडे पोचतात, आणि पाटाच्या लांबीरुंदीवरून कुणाचा गणपती किती मोठा हे ठरतं. मी पावसाळ्यात वेळ मिळेल तशी तिथे जाऊन बसते. डोळ्यांच्या आखणीच्या वेळी शाळेत बोलणं बंद होतं. काकांचा आखणीचा ब्रश म्हणजे कुठल्याही किराणा-कटलरीच्या दुकानात मिळतो तो सगळ्यात स्वस्त शून्य नंबर, ब्लेडनं छाटून पाच-सहा केसांवर आणलेला. करंगळी गणपतीच्या गालावर टेकवून, श्वास रोखून ते वरच्या पापणीची रेघ आतून बाहेर ओढतात. मध्ये थांबत नाहीत. रेघेच्या शेवटी ब्रश नुसता उचलायचा नाही, किंचित वळवून उचलायचा. त्यानं टोक सुईसारखं निघतं. आणि मग ते मागे सरतात, पुसट हसतात, आणि तोंडातली सुपारी पुन्हा चावायला लागतात. हा डोळा बहुतेक घरांत दीड दिवसाचा, फार तर अनंत चतुर्दशीपर्यंतचा. त्याला कुणी 'किती टिकेल' विचारत नाही.

पण म्हणून 'आमचं सगळं क्षणभंगुर, त्यातच त्याचं सौंदर्य' असलं काही मी म्हणणार नाही. ते ऐकायला बरं वाटतं आणि खोटं आहे. जे टिकवायचं होतं ते लोकांनी टिकवलंच, तेही स्वस्तातल्याच गोष्टींनी.

कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन बघा. ठाकर समाजाची चित्रकथी तिथली. रामायण-महाभारतातल्या कथांच्या पोथ्या, म्हणजे कागदावरची सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. गाणारा गातो आणि प्रसंग बदलला की चित्र बदलतो. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं संग्रहालय सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. मी त्याच्या बऱ्याच आधी गेले होते. मोठाल्या डोळ्यांच्या आकृत्या, सपाट रंग, छायाबिया काही नाही, आणि रेघ अशी ठाम की चूक करायला जागाच ठेवलेली नाही. जुन्या पोथ्यांतली काही पानं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. तीही मी पाहिली आहेत, आणि त्यांतला तांबडा मला आमच्या ओटीवरच्या कावेचा सख्खा भाऊ वाटला. हे रंग राजेरजवाड्यांच्या दुकानातून आलेले नव्हते. उलट, हातात घेऊन गावोगाव फिरवायच्या चित्रांना भारी सामान परवडलंच नसतं.

सावंतवाडीचे गंजिफे, म्हणजे हातानं रंगवलेले पत्ते, तेही तसेच. दशावतारी डाव १२० पानांचा, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. कापडाची किंवा कागदाची गोल चकती, तिला चिंचोक्याची खळ, वर पांढऱ्या मातीचा हात, मग रंग आणि शेवटी लाख. चिंचोके! जे आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात सोंगट्या म्हणून उधळायचो. संस्थानात नांदलेली ही कला विझत आली होती, ती १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा चालती केली. माझा पुठ्ठा तयार करायची रीत मी तिथूनच उचलली. चिंचोके भाजून साल काढायची, भिजवून वाटायचे, मंद आचेवर शिजवून खळ करायची. तीत खडूची भुकटी कालवून आंब्याच्या पुठ्ठ्यावर दोन हात, एक उभा आणि एक आडवा, वाळल्यावर कवडीनं नाहीतर काचेच्या गोटीनं घोटायचं. पुठ्ठ्याचा तपकिरी रंग नाहीसा होतो आणि हाताला हस्तिदंतासारखं काही लागतं. खळीत चिमूटभर मोरचूद घालायला मला एका जुन्या बुकबाइंडरनं सांगितलं. नाहीतर झुरळं चित्र पानासकट खातात. खडूचा आणखी एक उपकार मला पुढे वाचनातून कळला. स्वस्त कागद नि पुठ्ठा आतल्या आम्लानं पिवळा पडून कुजतो, आणि तेच आम्ल मारायला जुनी कागदपत्रं जतन करणारे लोकसुद्धा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जातीनं खडूच, वापरतात.

वरच्या अंगाला अलिबागजवळ सासवण्याला नानासाहेब करमरकरांचं घर आहे, तेही या संदर्भात आठवतं. विनायक पांडुरंग करमरकर, १८९१ चा जन्म, गणपती करणाऱ्या घरातला मुलगा. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यानं काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडलं आणि मुलगा मुंबईला जे. जे. कलाशाळेत पोचला. पुढे पुण्यातला ब्राँझचा प्रचंड अश्वारूढ पुतळा त्यांनी केला, १९२८ मध्ये. पण सासवण्याच्या घरात आणि अंगणात जी शिल्पं आहेत, त्यांतली कितीतरी सिमेंटची आहेत. साधं, घर बांधायचं सिमेंट. तिथली म्हैस बसलेली आहे, तिच्या पाठीवर हात ठेवायचा मोह आवरत नाही, आणि हात ठेवल्यावर ती गार लागते याचं नवल वाटतं. खारा वारा, पाऊस, सगळं सोसून ती आहे. ब्राँझ परवडणाऱ्या माणसानं सिमेंट घेतलं, याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावते.

आणि नीळ. निळीबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या.

आमच्या बाजारात एक म्हातारा दुकानदार आहे. त्याच्याकडे अजून भुकटीच्या निळीच्या पुड्या मिळतात. बाटलीतली पातळ नीळ वेगळी, ती नुसता रंग सोडते, चित्राच्या कामाची नाही. मी पुड्यांचा ढीग मागितला की तो चष्म्यावरून बघतो. "इतकी नीळ कित्याक गो? आख्ख्या वाडीची धोतरां धुवूक काढलंस काय?" धोतरं नेसणारा आता तोच एक उरलाय. घरी आणून मी ती काचेच्या तुकड्यावर घेते, मध्ये खळगा करते, त्यात रात्रभर भिजवून गाळलेलं बाभळीच्या डिंकाचं पाणी, मधाचा थेंब म्हणजे रंग वाळून तडकत नाही, आणि लवंगेच्या तेलाचं बोट, कारण आमच्याकडे आषाढात रंगालाही बुरशी येते. मग काचेच्या बाटलीच्या सपाट बुडानं घोटत राहायचं. सुरुवातीला करकर वाजतं. घोटता घोटता आवाज मऊ होत जातो आणि पूर्ण गेला की रंग तयार. त्या क्षणी काचेवर जे असतं त्याला निळा म्हणायलाही जीभ अडते. इतका खोल, की कडेला जांभळी झाक मारतो.

हा रंग म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून, धुऊन, गाळून काढत. युरोपात त्याचा भाव सोन्याच्या तोडीस तोड असे आणि तो मेरी मातेच्या झग्यासाठी राखून ठेवत. आपल्याकडच्या मुघल लघुचित्रांतही तोच दगड आहे. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेनं तसाच रंग स्वस्तात करून दाखवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं, आणि १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळालं. माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत घालून त्यानं निळा काढला. पुढे तो इतका स्वस्त झाला की जगभरच्या धोब्यांच्या टोपलीत गेला. पिवळ्या पडलेल्या कापडावर थोडा निळा चढला की डोळ्याला ते पांढरं वाटतं, एवढंच त्याचं काम उरलं. पण रसायन तेच. उन्हाला तो दाद देत नाही, चुन्याचंही त्याला वावडं नाही. वैर फक्त आम्लाशी. म्हणजे आमच्या मोराची मान ज्या रंगाची होती, त्याच रंगासाठी कुणीतरी चित्रकार महिनोन्महिने आश्रयदात्याची मिनतवारी करत बसला असेल, आणि अण्णा तो धुण्याच्या साबणासोबत उधारीच्या वहीवर आणत होते. अण्णांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग दुकानदाराला सांगू नकोस, भाव वाढवील.

तर त्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचं मी पुढे काय केलं ते सांगते. होळीच्या सुमारास एका पट्टीवर माझ्याकडचा प्रत्येक रंग लावला, पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला आणि ती पश्चिमेच्या खिडकीत, काचेला आतून चिकटवून ठेवली. मिरग लागल्यावर काढली. काव जशीच्या तशी. पिवडी जशीच्या तशी. नीळ, काजळी, दोघींना काही झालं नव्हतं. आणि रंगपेटीतला गुलाबी झाकलेल्या बाजूला अजून लाजत होता, उघड्या बाजूला मात्र तिथे कधी गुलाबी होता हे शपथेवर सांगावं लागलं असतं. जांभळा राखाडी झाला होता. हळदही मी हट्टानं लावली होती, तिनं आजीचा शब्द राखला.

हे बघून मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते नीट सांगता येत नाही. सगळ्यात स्वस्त, मातीमोल म्हणतात तसे रंग, जे खरोखरच माती आहेत, ते सगळ्यात चिवट निघाले. आणि जो गुलाबी मी चार पैसे टाकून दुकानातून आणला होता, त्यानं दगा दिला. पण म्हणजे तो गृहस्थ बरोबर होता. माझं आभाळ गेलं असतं. सोफ्यावर तीनेक वर्षांत होड्या राहिल्या असत्या आणि वर एक मळकट पांढरा पट्टा. तेव्हापासून आभाळात गुलाबी लागला तर मी कावेत पांढरा मिसळून घेते. तो तितका गोड येत नाही. आमच्याकडची संध्याकाळही खरं तर तितकी गोड नसते, पण ते बोलून उपयोग नाही. बघणाऱ्यांना गुलाबी हवा असतो.

शाळेच्या रंगपेट्यांना नावं ठेवायची हिंमत मात्र मला होत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना महाराष्ट्रातली किती पिढ्यांची पोरं त्याच वड्या आणि बाटल्या घेऊन बसली आहेत. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या पुडीपासून सुरुवात केली आणि पुढे 'कॅमल'चा उंट प्रत्येक दप्तरात शिरला, म्हणून तर खेड्यातल्या मुलाला रंग नावाची गोष्ट हाताला लागली. स्वस्त वडीत रंग कमी आणि खडू जास्त, त्यामुळे ती पाण्यात कितीही फिरवा, पारदर्शक ओघळ यायचे नाहीत. वाळल्यावर सगळं पिठूळ दिसतं. तिच्याकडून विलायती जलरंगासारखं काम काढायला जाणाऱ्याची फजिती ठरलेली. सपाट जागा भरा, वर काळ्या रेघेनं बांधा, की तीच वडी पिंगुळीच्या वळणानं बोलायला लागते. परीक्षेच्या केंद्रावर मी एकदा मदतीला होते, तेव्हा दोन मुली पोस्टर कलरच्या बाटलीचं झाकण मध्ये ठेवून त्यातला एकच निळा दोघींत वापरत होत्या. स्मरणचित्राचा पेपर. एकीनं जत्रा काढली, दुसरीनं समुद्र, आणि समुद्रवाली दर थोड्या वेळानं मैत्रिणीकडे बघून घेत होती, आपण जास्त निळा तर घेत नाही ना म्हणून. तिचा समुद्र किनाऱ्याशी आला तसा पातळ, जवळजवळ कागदाच्याच रंगाचा होत गेला. फार सुंदर दिसत होतं ते. पण त्या सौंदर्याचं श्रेय टंचाईला देऊन मोकळं व्हायला मन धजत नाही. तिला दुसरी बाटली मिळायला हवी होती, एवढंच.

आणि याच्या उलट टोकाला माझी भाची. ठाण्याला असते. तिच्या वाढदिवसाला कुणीतरी तिला परदेशी कागदाचं पॅड दिलं, जाड, दाणेदार, कडांना हाताच्या कागदासारखी लव. त्याला आता बराच काळ लोटला. पॅड प्लास्टिकमध्येच आहे. विचारलं तर म्हणते, "आते, अजून तेवढं चांगलं येत नाही गं मला." आणि तिच्या वह्यांची मागची पानं बघाल तर थक्क व्हाल. बॉलपेननं काढलेली माणसं, लोकलमधल्या बायका, झोपलेला वॉचमन, कुत्री. बॉलपेन खोडता येत नाही, म्हणून तिच्या रेघेत खोडायचा विचारच नाही. मे महिन्यात ती आमच्याकडे येते तेव्हा मी तिला लग्नपत्रिकांचे पाठकोरे गठ्ठे आणि आंब्याचे फुटके बॉक्स देते, आणि दोन दिवसांत पडवीभर चित्रं पसरतात. चांगल्या कागदाची भीती मीही ओळखते. एकदा प्रदर्शनाच्या बक्षिसात मला कापसाच्या कागदाचे ताव मिळाले होते. पहिला ताव समोर घेतला आणि हात असा जपून चालायला लागला की होडी लग्नातल्या रुखवतासारखी दिसू लागली.

उत्तरेकडे डहाणूच्या पट्ट्यात वारली बाया-बाप्ये तांदळाचं पीठ आणि चावलेली बांबूची काडी, एवढ्यावर भिंत उभी करतात, आणि जिव्या सोमा मशे तेवढ्याच भांडवलावर जगभर पोचले. हे उदाहरण आता सगळेच देतात, म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही.

या वर्षीचा प्रश्न आमच्या ओटीवरच्या भिंतीचा आहे. अण्णा गेल्यावर काही वर्षं भावानं थर्माकोलचं मखर आणलं. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मला वाटलं, चला, आता भिंतीचे दिवस परत येतील. आला फ्लेक्स. त्यावर हिमालय, धबधबा, दोन हंस आणि उजव्या कोपऱ्यात छापखान्याचा मोबाईल नंबर. भाऊ म्हणतो, "एकदा केलो की पाच वर्सां बघूक नको." टिकण्याचाच मुद्दा तोही मांडतो, आणि हिशेबानं त्याचं चुकत नाही. शिवाय घराची दुरुस्ती करताना भिंतीला आता प्लास्टिक पेंट लागलाय, त्यावर चुना धरत नाही, पापुद्रे होऊन पडतो. मी एका कोपऱ्यात लावून बघितलं तर वहिनीनं दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्यानं पुसूनही टाकलं, डाग समजून.

म्हणून मी मधला मार्ग काढलाय. या हंगामातले आंब्याचे पुठ्ठे जोडून भिंतीएवढा फळा करायचा, त्याला खळ-खडू, आणि त्यावर मोर. चवथ झाली की फळा माळ्यावर, पुढच्या वर्षी त्याच्यावरच नवा हात. भाऊ "कर काय ता" म्हणाला, म्हणजे हो. हिमालयाचं काय करायचं ते त्याचं तो बघेल, लाकडं झाकायला उपयोगी पडेल. अडचण वहिनीची निघाली. तिनं सगळे पुठ्ठे पावसाळ्यासाठी मांगरात रचून ठेवलेत, आणि न्हाणीची चूल ओल्या लाकडांवर कशी पेटवतात ते तू एकदा येऊन दाखव, मग ने, असं तिचं म्हणणं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. गरम पाणी सगळ्यांनाच लागतं. शेवटी निम्मे पुठ्ठे माझे आणि निम्मे चुलीचे, असं ठरलंय. तेवढ्यात मोर मावतो, मी मोजून बघितलं. पिसारा मात्र यंदा मिटलेला काढावा लागेल.